मोजपट्टी कुठे वाकते?

1951 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा फुटबॉल सामना झाला. खेळ फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या नावाजलेल्या खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या अभ्यासकांनी सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या संघाचे जितके नियमभंग त्यांच्याच विद्यार्थ्यांनी टिपले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी टिपले.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ असं म्हणताना आपण धरून चालतो की बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक आहे आणि तो लपवतोय. त्या विद्यार्थ्यांनी काही लपवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना तसंच दिसलं. नेत्यांच्या गैरवर्तनाबाबतही बहुतेकदा हेच घडतं, म्हणून ते कसं घडतं हे सावकाश पाहायला हवं.

सुरुवात पुराव्यापासून होते. विरोधी नेत्यावर आरोप झाला की मन विचारतं, ‘हे खरं असू शकेल का?’ त्याला एक बातमीही पुरते. आपल्या नेत्यावर झाला की प्रश्न बदलतो: ‘हे मानावंच लागेल का?’ आता कोर्टाचा निकालही अपुरा वाटतो. दोन्ही प्रश्न वरवर रास्त आहेत, म्हणूनच अदलाबदल स्वतःच्या ध्यानात येत नाही.

पुरावा नाकारता येईनासा झाला की वजनमाप बदलतं. त्यांचं कृत्य म्हणजे स्वभाव, आपल्या माणसाचा तो पाय घसरला. पक्षांतराच्या बातम्या वाचताना आपल्यालाही हे ओळखीचं वाटेल: आपल्याकडून गेला तो गद्दार, आपल्याकडे आला त्याची घरवापसी.

आणि एवढ्यानेही भागलं नाही, तर तत्त्वच सरकतं. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचं विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण गाजत असताना, 1998 च्या जूनमध्ये, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या इव्हँजेलिकल चर्चसंघटनेने लोकप्रतिनिधींच्या नैतिक चारित्र्याचा आग्रह धरणारा ठराव केला. पुढे पीआरआरआय या संस्थेने लोकांना विचारलं: खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का? 2011 मध्ये श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल ख्रिश्चनांपैकी 30 टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर 2016 मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, ‘हो’ म्हणणारे 72 टक्के झाले. सर्वांत कडक असलेला गट पाच वर्षांत सर्वांत सैल झाला. कोणत्याही धर्मसंस्थेशी न जोडलेल्यांचा आकडा 63 वरून 60 वर, म्हणजे जवळपास जागेवरच राहिला.

हे एकाच बाजूचं दुखणं नाही. 1991 मध्ये न्यायाधीशपदाच्या उमेदवारावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांच्या बाजूने उभं राहणाऱ्या स्त्रीवादी चळवळीतल्या काही ठळक आवाजांनी 1998 मध्ये क्लिंटन यांची पाठराखण केली. त्यांपैकी ग्लोरिया स्टायनेम यांनी तसा लेखच लिहिला.

मोजपट्टी सरळ धरायचा एक साधा उपाय आहे. बातमीतलं नाव झाकून आधी ठरवायचं, की या कृत्याला काय शिक्षा व्हावी. मग नाव बघायचं आणि आपला निर्णय बदलावासा वाटतो का, हे तपासायचं. ऐकायला सोपं, पण आपल्या गटात राहून हे करणं महाग पडतं. 2017 मध्ये क्लिंटन यांच्याच पक्षाच्या सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड म्हणाल्या, की क्लिंटन यांनी तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झालेले स्वतःच्याच पक्षाचे सिनेटर अल फ्रँकन यांचा राजीनामा मागण्यात त्या पुढे होत्या. फ्रँकन यांनी नीतिमत्ता समितीची चौकशी मागितली होती. ती होऊ द्यायला हवी होती का, हा प्रश्न गंभीर आहे आणि मला तो पटतो. मात्र तो विरोधी पक्षाच्या आरोपीसाठीही तितक्याच कळकळीने विचारला गेला पाहिजे. गिलिब्रँड यांच्यावर राग धरला तो त्यांच्याच पक्षाच्या काही देणगीदारांनी, आणि तो त्यांना 2019 मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी मागतानाही भोवला.