खताची गोणी आणि एका देशाचा फसलेला निर्णय



टीव्हीवर एखाद्या सरकारी निर्णयाची बातमी येते. सहा महिन्यांनी तोच निर्णय मागे घेतल्याची बातमी येते. मग गटाच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "एवढे शिकलेले साहेब लोक असतात, त्यांना आधी कळत नाही का गं?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर समजून घेण्यासारखं आहे. कारण देशाचा निर्णय ज्या कारणांनी फसतो, त्याच कारणांनी ग्रामसंघाचा ठरावही फसतो. म्हणून या अंकात आपल्या शेजारच्या श्रीलंका देशाची गोष्ट बघू. ती शेतीची आहे, त्यामुळे आपल्याला चटकन समजेल.

काय घडलं?

श्रीलंका हा चारी बाजूंनी समुद्र असलेला छोटा देश. मुख्य पीक भात, आणि परदेशी विकायला चहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे तिथे राष्ट्राध्यक्ष झाले. दहा वर्षांत देशाची शेती सेंद्रिय करू, असं त्यांनी निवडणुकीत सांगितलं होतं. पण मे २०२१ मध्ये सरकारने एकदम हुकूम काढला: रासायनिक खतं आणि फवारणीची औषधं बाहेरून आणायची नाहीत. दहा वर्षांचं काम एका हंगामावर आलं.

पुढच्या मोठ्या हंगामात, ज्याला तिकडे 'महा' म्हणतात, भाताचं उत्पादन आदल्या वर्षापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटलं. म्हणजे तीन पोत्यांमागे एक पोतं गेलंच, वर आणखी काही. जो देश आपल्यापुरता तांदूळ स्वतः पिकवत होता, त्याला तो बाहेरून आणावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी उठवली. जानेवारी २०२२ मध्ये भात शेतकऱ्यांसाठी ४,००० कोटी श्रीलंकन रुपयांची भरपाई जाहीर झाली. एप्रिल २०२२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी ही चूक झाल्याचं कबूल केलं.

त्याच महिन्यात देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, आणि त्यांना देश सोडून राजीनामा द्यावा लागला. हे सगळं फक्त खतामुळे झालं असं नाही. आधीच केलेली करकपात, कोरोनात बंद पडलेलं पर्यटन आणि डोक्यावरचं कर्ज, ही कारणं मोठी होती. पण घर अडचणीत असताना शेतही हातचं गेलं, ते या निर्णयामुळे.

आता तो का फसला, ते एकेक करून पाहू.

एक: सांगितलेलं कारण वेगळं, खरी अडचण वेगळी

लोकांना सांगितलं गेलं की रसायनांमुळे आजार होतात, म्हणून बंदी. ती काळजी खोटी नव्हती. पण त्याच वेळी सरकारच्या तिजोरीतले डॉलर संपत चालले होते, आणि खत डॉलर देऊन आणावं लागत होतं. खत बंद केलं की डॉलर वाचतील, हाही हिशोब होता.

हिशोब अर्धाच मांडला गेला. खताचे डॉलर वाचले, पण तांदळासाठी डॉलर लागले. शिवाय चहा विकून देशाला वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त मिळतात, त्या चहालाही फटका बसला. दुधाचा खर्च वाचवायला म्हशीची पेंड बंद करावी, तसं झालं.

दोन: जिच्या हाताने काम व्हायचं, तिला विचारलंच नाही

जुलै २०२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांची एक पाहणी झाली. जवळपास दोन तृतीयांश शेतकरी म्हणाले की सेंद्रिय शेती आम्हाला मान्य आहे. पण त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं होतं की, त्यासाठी एका वर्षाहून जास्त वेळ हवा. म्हणजे शेतकरी विरोधात नव्हते. त्यांना फक्त मुदत हवी होती. हे आधी विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.

चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. दिवसाचे ठरलेले किलो भरले तरच त्यांना पूर्ण मजुरी मिळते. झाडाला पालाच कमी फुटला, तर किलो कुठून भरायचे? राजधानीत कागदावर सही होते, तेव्हा या बाईची टोपली कुणाच्या डोळ्यासमोर नसते.

तीन: पर्याय हातात नसताना जुनं सोडलं

इथे जरा हिशोब करू. युरियाची एक गोणी ४५ किलोची. त्यात साधारण २० किलो नत्र असतं. चांगल्या शेणखतात शंभर किलोला अर्धा किलोच्या आसपास नत्र. म्हणजे एका गोणीइतकं नत्र हवं असेल तर शेणखत लागतं सुमारे चार टन! आणि तेही पिकाला हळूहळू लागू होतं. शेणखताने जमिनीचा कस वाढतो, हे खरंच आहे. पण एवढं खत सगळ्या देशाला एका हंगामात कुठून मिळणार? तेवढी जनावरं हवीत, तेवढा पालापाचोळा हवा, कुजायला वेळ हवा.

मग घाईघाईने चीनमधून सेंद्रिय खत मागवलं. तपासणीत त्यात घातक जिवाणू सापडल्याचं श्रीलंकेच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि माल नाकारला. २०,००० टन खत घेऊन आलेलं जहाज उतरवून घेतलं नाही. विकणाऱ्यांनी ते मानलं नाही. पैसे अडकले म्हणून चीनच्या दूतावासाने तिथल्या सरकारी बँकेचं नाव काळ्या यादीत टाकलं. शेवटी श्रीलंकेला सुमारे ६७ लाख डॉलर भरावे लागले. शेतीचा निर्णय होता, पण भांडण दोन देशांचं होऊन बसलं.

चार: आधी थोड्यावर करून पाहिलं नाही

आपल्याकडचं सिक्कीम राज्यही सेंद्रिय झालं. त्यांनी २००३ मध्ये ठरवलं आणि जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली. मध्ये बारा वर्षं गेली. रासायनिक खत टप्प्याटप्प्याने कमी केलं, शेतकऱ्यांना शिकवलं, जमिनींची प्रमाणपत्रं केली. सिक्कीममध्ये मुळात रासायनिक खताचा वापर कमी होता, जमीनही थोडी, साधारण ७५,००० हेक्टर. तरीही बारा वर्षं लागली. श्रीलंकेत भात पिकवणाऱ्या दहांतले नऊ शेतकरी रासायनिक खतावर होते, आणि त्यांना बारा महिनेही मिळाले नाहीत.

आपल्या गटांत कितीतरी ताया गांडूळखत करतात, दशपर्णी अर्क विकतात. हा लेख वाचून कुणी ते सोडू नका. चूक सेंद्रिय शेतीत नव्हती, चूक घाईत होती.

पाच: सावध करणाऱ्याला ऐकलं नाही, आणि मागे वळायला उशीर केला

शेतीतल्या प्राध्यापकांनी आणि शास्त्रज्ञांनी वेळेवर इशारा दिला होता. पण ज्या ठिकाणी 'होय साहेब' म्हणणाऱ्यालाच मान असतो, तिथे खरं बोलणारा एकटा पडतो. बंदी उठली तेव्हा पेरणीचे दिवस आले होते. जगात खताचे भावही तोवर भडकले होते. कागद एका दिवसात मागे घेता येतो, हंगाम मागे घेता येत नाही.

परदेशाशी संबंध येतो तेव्हा

परदेशाशी जोडलेल्या निर्णयात आणखी एक गोष्ट असते: समोरच्या देशातही चूल असते. आपल्या कांद्याचंच घ्या. देशात भाव चढले म्हणून केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये कांदा निर्यात थांबवली, मग सोडली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा अचानक थांबवली. कांद्याचे ट्रक सीमेवर उभे राहिले, आणि बांगलादेशाने नाराजी कळवली. कारण त्यांच्या रोजच्या स्वयंपाकातला बराच कांदा आपल्याकडूनच जायचा. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली.

शहरातल्या गरीब घराला कांदा परवडावा, ही सरकारची चिंता चुकीची म्हणता येत नाही. आपल्यातल्याही कित्येकजणी कांदा विकतच घेतात. पण दर वेळी अचानक दार लावलं की दोन गोष्टी होतात. नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. आणि गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं. बांगलादेशाने इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार, पाकिस्तान अशा देशांकडून कांदा घेतला, आणि स्वतःचं पीक वाढवायला घेतलं. पापडाची ऑर्डर ऐनवेळी नाकारली तर ते गिऱ्हाईक पुढच्या सणाला आपल्याकडे येईल का? देशांचंही तसंच असतं. भाव पुन्हा वर येतो, विश्वास लवकर येत नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

आपल्या ग्रामसंघातही कधी कधी एका बैठकीत ठरतं की सगळ्या गटांनी कर्ज काढून एकाच जातीच्या शेळ्या घ्यायच्या, किंवा सगळ्यांनी एकच मशीन घ्यायचं. ताई म्हणाल्या, आपण माना डोलावल्या, सह्या केल्या. हप्ते मात्र ज्याच्या त्याच्या घरातून जातात. म्हणून इतिवृत्तात ठराव लिहिण्याआधी हे पाच प्रश्न मोठ्याने विचारा, आणि उत्तरंही लिहून ठेवा:

१. आपली खरी अडचण कोणती? ती याच उपायाने सुटणार आहे का, की एकीकडे वाचवून दुसरीकडे घालवणार?

२. काम जिला करायचं आहे, तिला विचारलं का? आज गैरहजर असलेल्या सगळ्यात गरीब सदस्याला हे झेपेल का?

३. जुनं सोडण्याआधी नवं हातात आलं आहे का? माल कोण देणार, पैसे कधी अडकतील, हे बघितलं का?

४. आधी दोन-तीन जणींनी एक हंगाम करून पाहता येईल का?

५. जमत नाहीये असं कशावरून ओळखायचं, आणि तसं दिसलं तर कोणत्या तारखेला थांबायचं?

आणखी एक. बैठकीत जी ताई "मला नाही पटत" म्हणते, तिच्यावर रागावू नका. तिचं म्हणणं दरवेळी बरोबर असेल असं नाही. पण तिला गप्प बसवलं, तर उद्या खरा धोका दिसला तरी कुणी तोंड उघडणार नाही.

हेच प्रश्न गावच्या कामांनाही लावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा आपला हक्क आहे. पाण्याची टाकी कुठे बांधायची, रस्ता कुठून न्यायचा, हे ठरताना तिथे जाऊन विचारा, "कुणाला विचारून ठरवलं?" सरकार गावापासून लांब असतं, त्याला सगळं दिसत नाही. दाखवायचं काम आपलं. सही करण्याआधी विचारलेला एक प्रश्न पुढच्या तीन वर्षांचे हप्ते वाचवू शकतो.

पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मग तुमच्या गटाचा एक फसलेला निर्णय आठवा आणि या पाच कारणांपैकी कोणतं कारण त्याला लागू पडतं, ते बोला. बोलताना मात्र कुणा एकीला दोष द्यायचा नाही, एवढा नियम पाळा. सही सगळ्यांनीच केली होती ना!