इंजिनाचा जोर आणि खिशाचा भार

मोटारसायकल जुनी होऊन पळेनाशी झाली की गॅरेजमध्ये तीन सल्ले फुकट मिळतात: सायलेन्सर बदला, बोअर वाढवा, मोठा कार्बुरेटर टाका. पुढचं मात्र काहीच फुकट नसतं. म्हणून थोडा हिशेब मांडू.

आपल्याकडची घरोघरची शंभर सीसीची स्प्लेंडर घ्या. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९.५; म्हणून इंजिन ९७.२ सीसीचं. बोअर दोन मिलिमीटरनं वाढवून मोठा पिस्टन बसवला, तर ते होतं सुमारे १०५ सीसी. म्हणजे आठ टक्के वाढ. जोरही तेवढाच वाढला असं धरू. मग ताशी ८० ला अडणारी गाडी ८६ ला जाईल का? नाही जाणार. वेगात गाडीला अडवते ती मुख्यतः हवा, आणि तिला रेटायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्के जास्त हवी. आपल्या आठ टक्क्यांतून पदरात पडतात जेमतेम दोन किलोमीटर! त्यासाठी लेथचं काम, नवा पिस्टन, नव्या रिंगा. वर इंजिन जास्त तापणार ते वेगळंच.

माझ्या भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मामू, मला वेग नको, घाटात ओढ पाहिजे." प्रश्न शहाणा होता. या ओढीचा स्वस्त इलाज मागच्या चाकापाशी असतो. समजा, पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं आणि मागचं ४२ चं आहे. मागचं ४५ चं केलं, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ सात टक्क्यांनी वाढते. मात्र त्याच वेगाला इंजिनही सात टक्के जास्त फिरतं, ॲव्हरेज थोडं उतरतं. दुधाचे कॅन लादून रोज चढण चढणाऱ्याला हा सौदा परवडतो, हायवेवर जाणाऱ्याला नाही.

सायलेन्सरची पुंगळी काढली की आवाज वाढतो आणि वाटतं, गाडीत जीव आला. (आवाज चढला की शेर चढला, असं समजणारे आमच्या मुशायऱ्यांतही असतात.) हवा-पेट्रोलचं मिश्रण त्याबरोबर जुळवलं नाही, तर खालचा पिकअप उलट मरतो.

शिवाय कायदा आहे. नोंदणीत लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मालकाला करता येत नाही, आणि सीसी हा त्यातलाच तपशील. २०१९ च्या दुरुस्तीनं प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरवलं.

मग पैसे घालायचे कुठे? आधी हरवलेला जोर शोधावा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन जास्त ताणलेली आहे. चढणीला इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी सरकत नाही? क्लच प्लेटी तपासा. एअर फिल्टर, प्लग, टॅपेट सेटिंग, टायरमधली हवा, ही कामं किरकोळ. पण पुष्कळदा 'मेलेलं' इंजिन एवढ्यानंच उठतं. एवढं करूनही निळा धूर येत असेल, तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेले समजा. रिंगाच झिजल्या असतील तर बोअरचं काम जरूर करावं, पण मिस्त्रीला बजावून: पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइज पिस्टनवर थांब, पुढे जाऊ नकोस.