निळा ध्वज

समुद्राचे पाणी डोळ्यांना कितीही निळे दिसो, ते निर्मळ असेलच असे नाही. गावाचे सांडपाणी एखाद्या ओहोळावाटे त्यात येऊन मिसळत असते. त्यातील रोगजंतू कोणाला दिसत नाहीत. मग परगावाहून समुद्रस्नानास आलेल्या पाहुण्याने विश्वास तरी कशावर ठेवावा?

या प्रश्नाचे एक उत्तर फ्रान्समध्ये १९८५ साली निघाले. सांडपाण्याची नीट व्यवस्था लावणाऱ्या आणि स्नानाचे पाणी स्वच्छ राखणाऱ्या किनाऱ्यावरील नगरांना तेथे एक निळा ध्वज देण्यात आला. १९८७ मध्ये ही प्रथा युरोपातील इतर देशांत गेली आणि २००१ साली दक्षिण आफ्रिकेने ती स्वीकारली. आता डेन्मार्क देशातील एक आंतरराष्ट्रीय संस्था हा मान देते.

हा मान सौंदर्याचा नव्हे, हे ध्यानात घ्या. ध्वजाच्या कसोट्या तेहेतीस. जीवरक्षक, स्वच्छतागृहे, कचऱ्याची विल्हेवाट हे सारे त्यांत येतेच. परंतु खरी परीक्षा पाण्याची. स्नानाच्या हंगामात ठरलेल्या जागेवरून नियमाने पाण्याचे नमुने घेतात. प्रयोगशाळेत त्यांत ई. कोलाय नावाचा जंतू शोधतात. हा जंतू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहतो. तो पाण्यात फार आढळला, की तेथे मैला मिसळला आहे असे समजावे. परीक्षेचा निकाल किनाऱ्यावरच फलकावर लावावा लागतो. मला तर ही अट सर्वांत मोलाची वाटते. कारण तो फलक वाचण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये आठ किनाऱ्यांना प्रथम हा ध्वज मिळाला. गुजरातेतील शिवराजपूर, ओडिशातील पुरी, केरळातील कप्पड हे त्यांपैकी होत. १४९८ साली वास्को द गामा उतरला तो हाच कप्पडचा किनारा, असे सांगतात.

हा ध्वज मात्र कायमचा नसतो; प्रत्येक हंगामासाठी तो नव्याने मिळवावा लागतो. त्या आठांत विशाखापट्टणमजवळचा ऋषिकोंडा हा किनाराही होता. तेथील अव्यवस्थेची तक्रार छायाचित्रांसह संस्थेकडे गेली आणि २०२५ च्या आरंभी तेथला ध्वज उतरवावा लागला. किनाऱ्याची साफसफाई झाली, सोयी दुरुस्त झाल्या, तेव्हा तो पुन्हा चढला. पण तोही ठरावीक मुदतीपुरताच.