दहा हजार एस, दोन तास

१९९६ साली क्रोएशियाचा टेनिसपटू गोरान इव्हानिसेविचने १४७७ एस मारले. एस म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला न शिवता गुण मिळवून देणारी सर्व्हिस. असे चार लागले की एक गेम खिशात. १४७७ला चारने भागा: ३६९ गेम. ते लीप वर्ष होतं, दिवस ३६६. म्हणजे वर्षभर रोज एक अख्खा गेम, सणवार न पाळता, आणि समोरचा नुसता बघ्या! हा विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

कारकिर्दीतले एस दहा हजारांच्या वर जातात. ताशी २०० किलोमीटरने निघालेला चेंडू २३.७७ मीटरचं कोर्ट फार तर पाऊण सेकंदात ओलांडतो. दहा हजार वेळा पाऊण सेकंद म्हणजे दोन तास पाच मिनिटं. अख्ख्या कारकिर्दीतला धाक एवढ्यात आटोपतो. २००१ची विम्बल्डन फायनल एकटीच तीन तासांहून जास्त चालली होती.

ती फायनल म्हणजे कहरच. १९९२, १९९४, १९९८ अशा तीन फायनल तो तिथेच हरलेला. २००१मध्ये क्रमवारीत १२५वा, प्रवेशही वाइल्ड कार्डवर. सात सामन्यांत २१३ एस. २०१८मध्ये जॉन इस्नरने तो आकडा मागे टाकला, पण फक्त एकाने. आणि हाच सर्व्हिसचा बादशहा विजेतेपद एका गुणावर असताना लागोपाठ डबल फॉल्ट करत होता! चौथ्या मॅच पॉइंटवर पॅट राफ्टर एकदाचा हरला, पाचव्या सेटमध्ये ९-७. वाइल्ड कार्डवर येऊन विम्बल्डनचं पुरुष एकेरी जिंकणारा दुसरा कुणी नाही.

एवढ्या तोफखान्यातून ग्रँड स्लॅम किती? एक. पुढे कोच झाला. २०१४मध्ये त्याच्या हाताखाली मरिन चिलिच यूएस ओपन जिंकला, फायनलमध्ये ६-३, ६-३, ६-३. मग २०१९च्या विम्बल्डनपासून २०२४च्या मार्चपर्यंत नोव्हाक जोकोविच. त्या काळात जोकोविचने नऊ ग्रँड स्लॅम जिंकले, म्हणजे त्याच्या २४ पैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सगळं श्रेय कोचला देणं भाबडेपणाचं ठरेल, कारण तो आला तेव्हा जोकोविचकडे १५ होतेच. तरी हिशेब असा: स्वतः खेळून एक, खुर्चीत बसून दहा.