विश्लेषण : रेपो दर, डॉलर आणि भिलाईची भट्टी

कुम्हारी (भिलाई) : रायपूरहून दुर्गकडे जाताना कुम्हारी मागे पडले की भिलाईचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या येथील पोलाद प्रकल्पाला लोहखनिज दल्ली-राजहरा खाणींतून मिळते; मात्र देशातील पोलाद उद्योगाला लागणारा कोकिंग कोळसा मोठ्या प्रमाणावर आयात होतो आणि त्याची किंमत डॉलरमध्ये चुकवावी लागते. टनाला २०० डॉलर दर धरल्यास, डॉलर ७५ रुपयांवरून ८३ रुपयांवर जाताच तोच कोळसा १,६०० रुपयांनी महागतो.

रुपयाचा विनिमय दर रिझर्व्ह बँक ठरवून देत नाही. १९९३ पासून तो प्रामुख्याने बाजारातील मागणी व पुरवठ्यावर ठरतो. बँकेचे पतधोरण मात्र या मागणीवर प्रभाव टाकते. रेपो दर वाढला की रुपयातील रोख्यांवरील परतावा वाढतो. परकीय गुंतवणूकदार डॉलर विकून रुपये घेतात आणि रुपयाला बळ मिळते. दर घटल्यास उलट ओघ संभवतो.

तथापि, निर्णायक ठरते ती दोन देशांच्या व्याजदरांतील तफावत. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मे ते सप्टेंबरदरम्यान रेपो दर ४ टक्क्यांवरून ५.९० टक्क्यांवर नेला. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने त्याहून वेगाने दरवाढ केली, तेलही महाग होते; परिणामी ऑक्टोबरमध्ये डॉलरने ८३ रुपयांची पातळी ओलांडली. घसरण सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने गंगाजळीतील डॉलरही विकले.

केवळ व्याजदर पुरेसा नसतो, हे २०१३ मध्येही दिसले. जुलैमध्ये बँकांसाठीच्या तातडीच्या कर्जाचा दर ८.२५ वरून १०.२५ टक्के करूनही ऑगस्टअखेरीस डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेला. अनिवासी भारतीयांच्या ठेवी आकर्षित करणारी विशेष सवलत सप्टेंबरमध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर रुपया सावरला.

व्याजदराने रुपयाचे रक्षण करण्याची किंमतही मोजावी लागते. दरवाढीने आयात स्वस्त होण्यास मदत झाली, तरी लघुउद्योगांचे खेळते भांडवल आणि कामगारांचे गृहकर्ज महागते. म्हणूनच कायद्याने पतधोरण समितीवर सोपविलेले मुख्य उद्दिष्ट विनिमय दराचे नसून, विकासाचे भान ठेवून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राखण्याचे आहे. आयात कोळशाचे बिल आणि कर्जाचा हप्ता, या दोहोंमधील हा तोल प्रत्येक पतधोरणात नव्याने साधावा लागतो.