विटेचा बाप कोण?

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९८८ साली हाँगकाँगहून आलेल्या एका अपिलाचा निकाल दिला. एका बाजूला डेन्मार्कची लेगो, दुसऱ्या बाजूला अमेरिकेची टायको ही खेळण्यांची कंपनी, आणि भांडण प्लास्टिकच्या विटेवरून. पाठीवर आठ गोल उंचवटे असलेली, घरोघरी पायाखाली येऊन कळ काढणारी तीच ती वीट. निकाल लांबलचक आहे, भाषा रुक्ष आहे, आणि मी तो हावरटासारखा वाचला. परभणीत राहून, नोकरी-संसार सांभाळून, चाळिशी उलटल्यावर विटा जोडत बसणाऱ्या माणसाला दुसरं कोणतं साहित्य एवढं गोड लागणार? 'हे काय पोरासारखं?' हा प्रश्न आमच्या घरी आता कुणी विचारत नाही. टेबल अडतं, याबद्दल मात्र रोज बोलणी खावी लागतात.

मला त्या निकालात जो माणूस हवा होता, तो १९५७ सालीच गेला होता. त्याचं नाव हिलरी फिशर पेज.

पेज इंग्रज. १९३२ साली त्याने किडिक्राफ्ट ही खेळण्यांची कंपनी काढली. त्याच वर्षी डेन्मार्कातल्या बिलुंड या खेड्यात ओले कर्क क्रिस्टियनसन नावाचा सुतार मंदीला कंटाळून लाकडी खेळण्यांकडे वळला. दोघांची गाठ कधीच पडली नाही. पेज बालवाड्यांत जाऊन बसायचा आणि मुलं खेळताना पाहायचा. मोठ्यांना काय आवडतं यापेक्षा मूल हातात घेतलेल्या वस्तूचं नेमकं काय करतं, याच्या तो नोंदी घ्यायचा. पहिल्या पाच वर्षांतल्या खेळावर त्याने १९३८ साली पुस्तकही लिहिलं. तान्ही मुलं सगळं तोंडात घालतात, लाकडावरचा रंग निघतो, मग धुता येईल अशा प्लास्टिकची खेळणी का नकोत, असा त्याचा साधा हिशेब. प्लास्टिक म्हणजे हलका माल असं ज्या काळी मानलं जाई, त्या काळात हा माणूस आरोग्यासाठी प्लास्टिक मागत होता.

१९४० साली त्याला एकमेकांत अडकणाऱ्या ठोकळ्यांचं पेटंट मिळालं. पुढे युद्ध संपता संपता तो खऱ्या विटेकडे आला. वर चार-चार उंचवट्यांच्या दोन रांगा, खालून पोकळ, आणि बाजूला उभ्या फटी. त्या फटींत दारं-खिडक्या बसत आणि भिंत किंचित लवचिक होऊन खालची वीट धरून ठेवी. १९४७ साली ही 'सेल्फ लॉकिंग बिल्डिंग ब्रिक' बाजारात आली. आज आपण ज्या विटेला डोळे मिटून लेगो म्हणतो तिचा सांगाडा सगळा यात आहे. माझ्या मते तरी मूळपुरुष कोण, हा वाद इथेच मिटतो.

मधला भाग झटपट सांगतो. ओले कर्कने १९४६ साली इंग्लंडहून प्लास्टिक साच्यात ओतण्याचं यंत्र मागवलं आणि त्याच सुमारास पेजच्या विटेचे नमुने त्याच्या हाती लागले. डेन्मार्कात पेजचं पेटंट नव्हतं. बापलेकांनी इंचांचे मिलिमीटर केले, मापं दशांश मिलिमीटरने सरकवली, उंचवट्यांचे गोलसर माथे सपाट केले, आणि १९४९ साली स्वतःची वीट विकायला काढली. कायद्याने यात काही वावगं नव्हतं. नीतीचं ज्याने त्याने ठरवावं. लेगोनेही पुढे हे ऋण कबूल केलं आहे.

मात्र लेगोच्या पदरात जे टाकायला हवं ते टाकलंच पाहिजे. त्या पहिल्या विटा नीट धरत नसत. मनोरा उचलला की हातात वरची अर्धी बाजू यायची. जर्मनीत विक्री सुरू झाल्यावर तक्रारी वाढल्या, तेव्हा ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने विटेच्या पोटात नळ्या घातल्या. खालच्या विटेचा प्रत्येक उंचवटा आता भिंत आणि नळी यांच्या मध्ये चेपला जाऊ लागला. वीट हवी तिथे बसते, बसली की आपोआप सुटत नाही, आणि पोरानेही ओढली की सुटते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणं ही खरी करामत. डेन्मार्कात या रचनेचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. पेजने त्याआधी सातच महिने, जून १९५७ मध्ये, धंद्याच्या ओढाताणीत आत्महत्या केली होती. बिलुंडच्या विटेचा त्याला पत्ताही नव्हता असं सांगतात.

लेगो ब्रिटनमध्ये उतरण्याआधी तिने किडिक्राफ्टला विचारलं, तुमची काही हरकत? उत्तर आलं, हरकत कसली, शुभेच्छाच आहेत, आमची वीट काही फारशी चालली नाही. पुढे १९८१ साली लेगोने पेजच्या विटेचे हक्क रीतसर विकत घेतले, ४५ हजार पौंडांना. एवढ्या उशिरा का? कारण टायकोशी कोर्टात गाठ पडणार होती, आणि तुम्ही स्वतःच दुसऱ्याची वीट उचललीत की, हा आरोप समोर येणार हे उघड होतं.

आता त्या निकालाकडे येऊ. त्यातली गंमत खेळण्यांच्या इतिहासात कुणी फारशी सांगत नाही. पेटंटची मुदत संपली होती. लेगोला ड्रॉइंगवरचा कॉपीराइट हवा होता, कारण तो लेखकाच्या हयातीपुढे कैक वर्षं चालतो. आडवा येत होता डिझाइनचा कायदा. वस्तूचा आकार डिझाइन म्हणून नोंदता येण्यासारखा असेल, तर संरक्षण फक्त १५ वर्षांचं. मग लेगोच्या वकिलांनी काय सांगावं? की या विटेच्या आकारात सौंदर्य वगैरे काही नाही, तो निव्वळ कामाचा आकार आहे, सबब डिझाइनचा कायदा तिला लागूच नाही. कंपनीने पूर्वी याच विटेची डिझाइन म्हणून नोंदणी करून घेतली होती, तरीही! न्यायमूर्तींनी ऐकलं नाही. वीट डोळ्यांना भावणारी आहे, असं त्यांनी ठरवलं, आणि लेगो हरली. मग दुसरा डाव. १९७३ साली आम्ही ड्रॉइंग नव्याने काढली, त्यांत मापांतली चालून जाणारी तफावत बदलली, म्हणून ती नवी कलाकृती. यावर लॉर्ड ऑलिव्हर यांच्या निकालाचा रोख असा, की नक्कल कितीही मेहनतीची असली तरी मेहनत म्हणजे अस्सलपणा नव्हे. ड्रॉइंगमधले आकडे बदलले, रेषा त्याच राहिल्या.

पुढची गंमत कॅनडात आणि युरोपात घडली. तिथे लेगो उलट्या तोंडाने उभी. आता तिला विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून हवा होता, आणि निव्वळ कामाचा आकार ट्रेडमार्क होऊ शकत नाही. म्हणजे हाँगकाँगच्या खटल्यात जे ओरडून सांगितलं त्याच्या बरोबर उलट. २००५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१० साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं की उंचवटे कामासाठीच आहेत, सगळ्यांना वापरू द्या. एका कोर्टात वीट सुंदर ठरली म्हणून हरली, दुसऱ्या दोन कोर्टांत उपयोगी ठरली म्हणून हरली. ती दोन्ही आहे, हे माझ्यासारख्या खेळणाऱ्याला कोर्टात न जाताच माहीत होतं.

जाता जाता, प्रिव्ही कौन्सिल आपल्याला अगदी परकं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातली अपिलं तिथेच जात. परभणीची मात्र जात नसत, आपण निजामाच्या मुलखात. भारतीय अपिलांचा तो रस्ता बंद झाला ते वर्ष १९४९, म्हणजे लेगोची वीट बाजारात आली तेच.

या छंदाला वयस्क माणसं लागतात कशी, याचं एक उत्तर गणितात आहे. आठ उंचवट्यांच्या एकसारख्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतील? कंपनी अनेक वर्षं सांगे, १० कोटी २९ लाख ८१ हजार ५००. हा आकडा १९७४ चा, आणि तो सहाच्या सहा विटा एकावर एक रचल्या तरचा. कोपनहेगनचे गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाला जुंपून सगळे प्रकार मोजले, तेव्हा उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सातवी वीट घेतली की आकडा साडेआठ हजार कोटींच्या पुढे जातो. कितीही विटांसाठी चालेल असं सूत्र अजून हाती आलेलं नाही, एकेक करून मोजावंच लागतं. दुसरं उत्तर पैशाचं. जुने, न उघडलेले सेट विकणाऱ्यांचा बाजार मोठा आहे, आणि १९८७ ते २०१५ या काळातल्या किमती तपासून दोन रशियन अभ्यासकांनी वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा काढला होता. मला हे लोक रुचत नाहीत. खोक्याचं सील जपणारा माणूस वाण्याच्या जातीचा, खेळगड्याच्या नव्हे.

आपल्याकडे हा छंद महाग आहे. २०२० साली खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० वर गेला, २०२३ साली ७० वर. मोठ्यांसाठी म्हणून कंपनी जे सेट काढते, त्यांतला ताजमहाल एकेकाळी ५,९२३ तुकड्यांचा होता. त्याची किंमत पाहिली की ताजमहाल का बांधला यापेक्षा कसा परवडला हा प्रश्न पडतो. म्हणून माझ्याकडचा माल संमिश्र आहे. काही अस्सल, भाच्यांनी परदेशातून आणलेला. बराचसा आपल्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातला, जाळीच्या पिशवीतून वजनावर मिळाल्यासारखा. उरुसाच्या विटांवर नाव नसतं, रंग एकाच पिशवीत तीन छटांचे, आणि पकड नशिबावर. एखादी बसतच नाही, एखादी बसली की दातांनी सोडवावी लागते. अस्सल विटेच्या साच्यात चूक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात, हे उरुसाची वीट हाताळल्याशिवाय खरं कळत नाही.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या महाराष्ट्राला मोठ्या माणसांच्या हौशीचं अप्रूप वाटू नये. पोरं माती कालवतात आणि बुरूज बाबाच घडवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मी किल्ल्याच्या वाटेला गेलो नाही. मला औंढा नागनाथचं देऊळ करायचं होतं. औंढा आज हिंगोली जिल्ह्यात, पण १ मे १९९९ पर्यंत ते परभणीचंच, आणि मनाने आम्ही अजून ते सोडलेलं नाही. दुसरं कारण बांधणीचं. आपल्या भागातली यादवकालीन देवळं, मग ती चारठाण्याची असोत की धारासूरची, दगडात खाच करून, वजन तोलून, चुन्याशिवाय उभी केलेली. वीट जोडणाऱ्याला याहून जवळचे पूर्वज कोणते मिळणार? हेमाद्री पंडिताचं नाव त्यांना उगाच चिकटलं, त्यातली कैक देवळं त्याच्या आधीची आहेत.

औंढ्याचं देऊळ विटांना सोयीचं वाटतं, कारण ते दोन रंगांत विभागलेलं आहे. खाली काळसर कोरीव दगड, वर नंतरच्या काळात बांधलेलं पांढरं शिखर. खाली राखाडी विटा, वर पांढऱ्या, असं म्हणून बसलो आणि भिंतीवर अडलो. देवळाची भिंत सरळ जात नाही. ती कोनाकोनाने आत-बाहेर होते. विटेला मात्र काटकोनच कळतो.

इथे गवंड्यांचीच युक्ती कामी येते. पाया आखताना गवंडी दोरीवर तीन, चार, पाच अशी मापं धरून काटकोन काढतात. विटांतही तिरपी भिंत याच हिशेबाने दोन्ही टोकांना पुन्हा उंचवट्यांवर बसते. फक्त उंचवटे मोजायचे नाहीत, त्यांच्यामधली अंतरं मोजायची. पाच अंतरांसाठी सहा उंचवट्यांची पट्टी लागते. पट्टी एका टोकाला बिजागरीच्या तुकड्याने धरायची, हळूच फिरवायची, आणि दुसरं टोक 'टक' करून बसतं. तो आवाज ऐकण्यासाठी मी एकच कोपरा पुन्हा पुन्हा उसवला आहे.

पण हा कोन जवळपास ३७ अंशांचा. मला काही कोपरे ४५ अंशांचे हवे होते, आणि तिथे गणित कुणाचं ऐकत नाही. पाच बाय पाचचा कर्ण ७.०७, हाताशी ७. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. अस्सल वीट एवढंही खपवून घेत नाही. ती ताणली जाते, पांढरी पडते, कधी तडकते. अशा ताणून केलेल्या जोडणीला लेगोचे डिझाइनर 'बेकायदेशीर' म्हणतात. उरुसाची ढिली वीट मात्र तेवढं सहज पोटात घालते. त्यामुळे माझ्या औंढ्याच्या सरळ भिंती अस्सल आहेत आणि ४५ अंशांचे कोपरे उरुसातले. अस्सलवाले मित्र नाक मुरडतात. पेजच्या विटेलाही बाजूच्या फटींमुळे असं थोडं लवता यायचं, हे मी त्यांना सांगतो, मग ते खटल्याचा विषय निघण्याआधी चहा संपवतात.

देवळाच्या पायाखाली फिरता तुकडा बसवायचं आधीपासून ठरलेलं होतं. नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला जायला सांगितलं तेव्हा देऊळच फिरलं, अशी आपल्याकडची कथा, आणि औंढ्याचं देऊळ करून ते फिरणार नसेल तर करायचं कशाला? चार बाय चारचा टर्नटेबल मिळाला, पण शिखराचं वजन एवढं की देऊळ फिरताना एका अंगाला कलतं. पांढऱ्या विटा काढून शिखर आतून पोकळ करतो आहे. आता अर्धा फेरा नीट होतो.