टर्फलूपच्या वर्गातली सेपेडी

1959 साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने कायदा करून काळ्या विद्यार्थ्यांना जमातीनुसार आणि भाषेनुसार वेगळी महाविद्यालये दिली. त्यांतले एक उत्तरेकडे टर्फलूपला उभे राहिले. माणसे भाषेवरून निवडली, पण शिकवणे प्रामुख्याने इंग्रजीतच राहिले. मातृभाषा शाळेपुरती होती. 1953 च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर शाळेची पहिली आठ वर्षे मातृभाषेतून होऊ लागली, ती मुलांच्या भल्यासाठी नव्हे, तर त्यांना मजुरीपलीकडे जाऊ न देण्यासाठी. स्वतःच्याच भाषेतल्या शिक्षणाविषयी लोकांच्या मनात अढी बसली ती यामुळे. त्या अढीसाठी त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

1972 मध्ये टर्फलूपच्याच पदवीदान समारंभात ओंकगोपोत्से टिरो या विद्यार्थ्याने या शिक्षणव्यवस्थेवर भर सभेत आसूड ओढला. त्याला विद्यापीठातून काढले. दोन वर्षांनी बोत्स्वानात टपालाने आलेल्या बाँबने त्याचा जीव घेतला. 1976 मध्ये सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी मुले आफ्रिकान्स या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली.

वर्णद्वेषी राजवट संपल्यावर 1996 च्या राज्यघटनेने अकरा भाषांना अधिकृत मानले. त्यांतल्या नऊ आफ्रिकी. विद्यापीठांत मात्र ‘परिभाषा कुठे आहे?’ हा प्रश्न ढालीसारखा पुढे केला जाई. 2003 साली टर्फलूपनेच त्याला उत्तर दिले. एस्थर रमाणी आणि मायकेल जोसेफ यांच्या पुढाकाराने तिथे बी.ए.ची पदवी सुरू झाली: निम्मे विषय इंग्रजीतून, निम्मे सेपेडी या तिथल्या आफ्रिकी भाषेतून. या दुसऱ्या निम्म्यात व्याख्याने, निबंध, परीक्षा, सगळे सेपेडीत. तयार पाठ्यपुस्तके नव्हती. शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून संज्ञा घडवल्या. आधी परिभाषा, मग अध्यापन, हा क्रमच चुकीचा होता. भाषा राबवल्याशिवाय तिची परिभाषा कुठून येणार?

पुढे क्वाझुलू-नाताल विद्यापीठाने 2014 पासून पदवीच्या नवागतांपैकी इसिझुलू न येणाऱ्यांना ती शिकणे सक्तीचे केले. 2017 मध्ये ऱ्होड्स विद्यापीठात हलेझे कुंजू यांना इसिखोसात लिहिलेल्या प्रबंधावर पीएच.डी. मिळाली, विषय होता झिंबाब्वेतल्या खोसाभाषकांचा. वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठात हे घडले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तरी टर्फलूपची पदवी बराच काळ देशात एकटीच राहिली, हे मला खुपते. 2020 चे नवे भाषाधोरण 2022 पासून लागू झाले. आफ्रिकी भाषा अध्यापनासाठी विकसित करण्याची जबाबदारी आता सर्व सरकारी विद्यापीठांवर आहे. त्यासाठी प्राध्यापकांना वेळ आणि पैसा द्यावा लागेल, आणि भाषाविभागाबाहेर, वैद्यकाच्या व अभियांत्रिकीच्या वर्गांतही या भाषा वापराव्या लागतील.